दहाची पेज आणि सव्वाबाराचा विसर

पत्राचा सारांश : फोंडा तालुक्यातल्या एका गावातून ६६ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेनं हे पत्र लिहिलंय. मराठी शाळेत ३१ वर्षं शिकवलं. मधुमेह १४ वर्षांचा. यजमान चार वर्षांपूर्वी गेले, आता मुलगा, सून आणि लहानगा नातू असं घर. वर्षभरापासून विसर पडू लागलाय, डोक्यात ‘धुकं उतरल्यासारखं’ होतं. चवथीच्या आदल्या रात्री जेवणं उरकून माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना तिला लावायच्या एका रानवस्तूचं घागऱ्यो हे नावच जिभेवर येईना, ते झोपताना आठवलं. बँकेत साडेअकराला पैसे काढायची स्लिप भरताना अक्षरं हलू लागली, घाम फुटला, शेवटी शेजारच्या बाईनं स्लिप भरून दिली. एका सोमवारी संध्याकाळी देवळात आरतीचं एकच कडवं तीनदा म्हटलं. सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घेतली, असं निदान दोनदा झालं. आणि गेल्या महिन्यात सव्वाबाराला नातवाला बालवाडीतून आणायला स्कूटरवर निघाल्या असता, वीस वर्षं पायाखालच्या असलेल्या तिठ्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे तेच कळेना. गाड्यावर लिंबू-सोडा घेतला, जरा वेळानं रस्ता ‘आपोआप’ सुचला. आईला शेवटच्या वर्षांत पोटची मुलंही ओळखू येत नव्हती, तेच आपल्या वाट्याला आलंय असं यांना वाटतं. शुगरचा प्रश्न नाही, कारण एचबीए१सी या रक्ततपासणीचा आकडा ६.१ आहे आणि डॉक्टरांनी शाबासकी दिलीय. प्रश्न एवढाच : घरात सांगू की नको? ‘सांगितलं तर स्कूटर जाईल, स्वयंपाकघर जाईल, नातू जाईल. मग मी उरते कशाला?’

बाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुम्ही लिहिलंय त्या क्रमानं, म्हणजे भीतीच्या क्रमानं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसलो आणि प्रत्येक प्रसंगापुढे फक्त घड्याळातली वेळ लिहिली. बँक : साडेअकरा. तिठा : सव्वाबारा. देऊळ : सोमवार संध्याकाळ, आणि सोमवारी तुमचा उपास असतो हे तुम्ही पत्रात भलत्याच ठिकाणी सांगितलंय. मग त्याच वेळांपुढे दुसरा रकाना आखला, ‘बरं कशानं वाटलं’ असा. बँकेतून घरी येऊन जेवल्यावर. देवळात पंचखाद्याचा प्रसाद खाल्ल्यावर. तिठ्यावर लिंबू-सोड्यानं. हे सगळं तुम्हीच लिहिलंय, मी फक्त एका ओळीत मांडलं. बाई, स्मृतिभ्रंश लिंबू-सोड्यानं उतरत नाही.

पत्रावरून निदान करणारा डॉक्टर आणि कुंडलीवरून करणारा ज्योतिषी यांच्यात फारसा फरक नसतो, त्यामुळे पुढचं सगळं संशय म्हणून वाचा. पण संशय दाट आहे. त्या तीन वेळांना तुमची शुगर वाढलेली नसावी. ती खूप खाली गेलेली असावी.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी २० टक्क्यांच्या आसपास तो एकटा खातो. ती ऊर्जा त्याला मुख्यतः रक्तातल्या साखरेतून हवी असते आणि साठा करून ठेवायला त्याच्याकडे कोठार जवळजवळ नाहीच. रोज आणून रोज खाणाऱ्याच्या घरी एक दिवस आणणं चुकलं तर चूल पेटत नाही, तसंच. रक्तातली साखर ७० मिलीग्रॅमच्या खाली गेली की आम्ही तिला कमी म्हणतो, आणि ५४ च्या खाली गेली की मेंदूचं काम उघडउघड बिघडू लागतं. शब्द सापडत नाहीत, साधा हिशेब जमत नाही, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा होते, ओळखीची जागा अनोळखी दिसते. तिठ्यावर तुम्हाला झालं ते या वर्णनात चपखल बसतं.

तुम्ही म्हणाल, शुगर कमी झाली की छातीत धडधडतं, हात थरथरतात, मला तसलं काही झालं नाही. झालं नसणारच. तुमच्या औषधांच्या यादीत बीपीसाठी मेटोप्रोलोल आहे. त्या जातीच्या गोळ्या धडधड आणि थरथर दोन्ही दाबून टाकतात. घाम मात्र त्यांना दाबता येत नाही. घामाचं तुम्ही लिहिलंयही, पण पुढे लगेच ‘आमच्या गोव्यात घाम कोणाला येत नाही’ असं लिहून त्याला परस्पर वाटेला लावलंत. बँकेत डोक्यावर पंखा होता ना?

आता त्या ६.१ कडे येतो, कारण तुमच्या साऱ्या तर्काचा खांब तोच आहे. शुगर उत्तम, म्हणून कारण शुगर नाही, म्हणून कारण डोक्यात. यातली पहिली पायरीच पोकळ आहे. एचबीए१सी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी. ६.१ चा अर्थ सरासरी शुगर १२८ च्या आसपास. सरासरी काय लपवते हे तुम्हाला मी सांगावं? एका मुलाला शंभर, एकाला भोपळा, वर्गाची सरासरी पन्नास, आणि तपासायला आलेले साहेब खूश. दुपारी ५५ आणि रात्री २००, तरी सरासरी देखणी येते. शिवाय घरच्या यंत्रावर तुम्ही फक्त सकाळी उपाशीपोटी तपासता. तो दिवसातला सर्वांत सज्जन विद्यार्थी, तो कायम १०५-११० सांगणार. भोपळेवाला साडेअकरानंतर वर्गात येतो. अंगात रक्त कमी असेल तर एचबीए१सीचा आकडाच फसवा येतो, ती गोष्ट आणखी वेगळी.

मग हे वर्षभरापूर्वीच का सुरू झालं? त्याचंही उत्तर तुमच्याच पत्रात आहे. वर्षभरापूर्वी मुलानं कुठेतरी वाचून तुमचा भात बंद केला, आणि भाताबरोबर दहाची पेजही गेली. त्या ओळीला मी लाल खूण केलीय. आमच्याकडे न्याहारी आणि जेवण यांच्यामध्ये दहा-साडेदहाला उकड्या तांदळाची पेज आणि जोडीला मिठातलं तोर (कैरी), हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. तुमची गोळी ठरवली तेव्हा तो शिरस्ता चालू होता. आता साडेसातला एक चपाती आणि भाजी, त्यानंतर थेट दीडला जेवण. सहा तास पोट रिकामं. वजन सात किलोंनी उतरलंय, चांगलं झालं. पण गोळी तीच राहिली, ग्लिमेपिराइड २ मिलीग्रॅम. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि पोटात अन्न आहे की नाही याची चौकशी करत नाही. पेज बंद झाल्याचं त्या गोळीला कुणी कळवलंच नाही.

मुलावर रागावू नका, त्यानं प्रेमानंच केलं. भात कमी करणं चूकही नव्हतं. पण खाणं बदललं की औषधही बदलावं लागतं, आणि ते डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं.

शाबासकीचं म्हणाल, तर ती चूक मीही केलीय. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे येणारे एक वयस्क गृहस्थ रायबंदर-चोडण फेरीबोटीत बसले आणि पलीकडे उतरलेच नाहीत. बोट इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली, हे जागेवरच. बोलणं अडखळत होतं, अंग घामानं निथळत होतं. बोटीवरच्या लोकांना वाटलं, सकाळीच टाकून आलेत. आमच्या राज्यात तसं वाटायला वेळ लागत नाही. कुणीतरी त्यांना बाजूला बसवून ठेवलं. नशीब असं की एका कॉलेजातल्या मुलीला त्यांच्या खिशातली गोळ्यांची पट्टी दिसली. त्यांचा ५.९ चा रिपोर्ट पंधरा दिवसांपूर्वी माझ्या हातात होता आणि मी त्यांच्या पाठीवर थाप मारली होती. तेव्हापासून वयस्क माणसाचा फार सुंदर रिपोर्ट समोर आला की मी आधी विचारतो, कोणत्या गोळ्या आणि जेवण किती वाजता.

हे माझ्या एकट्याच्या पश्चात्तापाचं नाही. अमेरिका आणि कॅनडात ‘अकॉर्ड’ नावाचा मोठा अभ्यास झाला, दहा हजारांहून जास्त मधुमेहींवर. एका गटाची शुगर अगदी कडक ठेवायची, एचबीए१सी ६ च्या खाली, असं ठरलं होतं. त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले म्हणून २००८ मध्ये तो कडकपणा मुदतीआधीच थांबवावा लागला. त्याच अभ्यासातल्या काही जणांची स्मरणशक्तीही तपासली होती. शुगर जास्त कडक ठेवल्यानं तिला काही फायदा दिसला नाही. म्हणून आज पासष्टीच्या पुढच्या, बाकी प्रकृती ठीक असलेल्या माणसाला ७ ते ७.५ पर्यंतचा एचबीए१सी चालतो असं धरतात, आणि इतर आजार बरेच असतील तर ८ पर्यंत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना तुमच्या वयाला ६.१ आला तर मी शाबासकी देणार नाही. मी फोन उचलीन.

तो फोन तुम्ही उद्याच करा. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. ‘मला विसर पडतो’ असं म्हणालात तर ‘वय झालं, बाई’ हे उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी सांगा : मी ग्लिमेपिराइड घेते, सात किलो वजन उतरलंय, दहाचं खाणं बंद आहे, दुपारी जेवणाआधी घाम येऊन गोंधळायला होतं आणि गोड खाल्लं की बरं वाटतं. एवढं ऐकल्यावर कुठलाही डॉक्टर खुर्चीत सरळ बसेल. गोळीचा डोस कमी करायचा, ती बदलायची की बंद करायची, हे त्यांनी ठरवायचं, तुम्ही किंवा मी नाही. शुगर सहसा खाली न नेणारी औषधं आज आहेत, आणि त्यातली काही महागही नाहीत. मूत्रपिंडाची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, झाली नसेल तर तीही मागा. मूत्रपिंड मंदावलं तर असल्या गोळ्या शरीरात रेंगाळतात.

बोलणं होईपर्यंत सोमवारचे उपास बंद. श्रावणाचेसुद्धा. शंकर समजून घेईल, त्यानं यापेक्षा मोठे गुन्हे पोटात घातलेत. आणि दहाची पेज उद्यापासून पुन्हा सुरू. एक वाटी, दोन नाही.

यंत्र घरात आहेच, तर पंधरा दिवस त्याला वेगळ्या वेळी कामाला लावा. साडेअकराला, संध्याकाळी साडेसहाला, झोपताना, आणि एकदोनदा गजर लावून पहाटे तीनला. मुख्य म्हणजे धुकं उतरलं असं वाटेल त्या क्षणी, आधी तपासा आणि मग बाकीचं. वहीत आकड्यापुढे काय खाल्लं, किती वाजता, काय झालं, एका ओळीत. आणखी एक गोष्ट सुचवतो. ही माझी लहर आहे, वैद्यकीय चाचणी म्हणून कुठे लिहिलेली नाही. तपासताना सतराचा पाढा उलटा म्हणा, एकशे सत्तरपासून खाली. तुम्हाला तो झोपेतही यायला हवा. शुगर १३० असताना न अडखळता आला आणि ६२ असताना एकशे एकोणीसवर अडला, तर ती ओळ डॉक्टरांना दाखवा. दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा ती जास्त सांगेल. बोट टोचायचा कंटाळा येत असेल तर दंडावर चिकटवायचा सेन्सर मिळतो. तो दोन आठवडे, रात्रीसकट, शुगरचा आलेख काढत राहतो. एकदाच लावला तरी खूप कळतं.

आकडा ७० च्या खाली आला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या. पंधरा मिनिटं थांबा, परत तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. मग जेवणाला वेळ असो वा नसो, काहीतरी पोटभरीचं खा, कारण गोळीचा अंमल दिवसभर असतो आणि शुगर परत घसरू शकते. या कामाला दोदोल किंवा बेबिंका उपयोगाचं नाही. कितीही गोड असलं तरी त्यातला नारळ आणि तूप साखरेला वाटेत अडवून धरतात. चॉकलेटचंही तेच. इतर वाचकांपैकी ज्यांच्या पट्टीवर व्होग्लिबोस किंवा अकार्बोस हे नाव आहे (कधी एकाच गोळीत तीन औषधं असतात, त्यात ते दडलेलं असतं), त्यांनी साधी साखर न घेता ग्लुकोज पावडर जवळ ठेवावी. ते औषध साखर फुटूच देत नाही. बेशुद्ध पडलेल्याच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही. १०८ ला फोन.

आता स्कूटर. इथे मी तुमची मर्जी राखणार नाही. औषध बदलून, वहीत पंधरा दिवस एकही आकडा ७० च्या खाली न येता पार पडेपर्यंत नातवाला मागे बसवायचं नाही. एकट्यानंही नाही. तिठ्यावर तुम्ही थांबलात, हे नशीब. पुढे परत चालवायला लागलात की निघण्याआधी तपासायचं. ९० च्या खाली असेल तर आधी खायचं. ७० च्या खाली गेली असेल तर शुगर जागेवर आल्यानंतरही पाऊण तास किल्लीला हात लावायचा नाही. मेंदू रक्ताच्या मागून सावरतो.

गोळी दोनदा घेतल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, मला ते सगळ्यांत धोक्याचं वाटलं. विसरलात म्हणून दुसरी गोळी, तिच्यामुळे शुगर आणखी खाली, त्यामुळे आणखी विसर. सोम-मंगळ असे कप्पे असलेली डबी कुठल्याही फार्मसीत मिळते. रविवारी भरायची. कप्पा रिकामा तर गोळी घेतलेली, वाद संपला. शंका असेल आणि डबी हाताशी नसेल, तर ही गोळी परत घ्यायची नाही. एक गोळी चुकल्यानं शुगर थोडी चढेल. दोन घेतल्यानं तुम्ही पडाल.

एवढ्यानं सगळं धुकं जाईल असं मी म्हणत नाही. तुमच्या यादीत आणखी दोन गोष्टी खटकतात. १४ वर्षं मेटफॉर्मिन, आणि पाच वर्षांपूर्वी नुस्तें (मासळी) सोडलंत. मेटफॉर्मिन चांगलं औषध आहे, मी ते हजारोंना दिलंय, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर पुष्कळांच्या अंगातलं बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. आपल्याला ते मिळायचं मासळीतून, ती वाटही तुम्ही बंद केलीत. बी-१२ कमी पडलं की विसर पडतो, मन खिन्न होतं आणि पायांना मुंग्या येतात. तुमच्या मुंग्या आजवर सगळ्यांनी शुगरच्या खात्यावर मांडल्या. त्यातला काही हिस्सा बी-१२ चा असू शकतो. तपासणी साधी रक्ताची आहे. २०० च्या खाली म्हणजे कमी, २०० ते ३०० काठावर, आणि काठावरच्यालाही त्रास असेल तर उपचार मागायला हरकत नाही. मेटफॉर्मिन बंद करावं लागत नाही, इंजेक्शनं किंवा गोळ्यांनी भरून निघतं. मासळी परत सुरू करा असं मी सांगणार नाही, ते तुमचं आणि तुमच्या गुरूंचं.

दुसरी गोष्ट, त्याच मुंग्यांसाठी रात्री घेता ती अमिट्रिप्टिलिन. झोप छान लागते, पण साठीनंतर तीच गोळी दिवसा डोकं जड करते आणि आठवणीत अडथळा आणते. सर्दीच्या आणि खाजेच्या काही जुन्या गोळ्याही याच कुळातल्या. डॉक्टरांना विचारा, पर्याय आहे का. एकदम तोडू नका. थायरॉइडची टीएसएच तपासणी त्याच रक्तात होऊन जाईल. आणि सुनेला विचारा, तुम्ही मोठ्यानं घोरता का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का. रात्रभर श्वास तुटत असेल तर दिवसा डोकं चालणार कसं?

आणि मन. यजमान गेल्यावर भजनाला जाणं सोडलं, हे तुम्ही अर्ध्या वाक्यात लिहून पुढे गेलात. खिन्न मन नवीन काही टिपून घेत नाही, मग आपण म्हणतो आठवत नाही. मधुमेह असलेल्यांत खिन्नता जास्त आढळते, आणि चौदा वर्षं रोज ताटाकडे संशयानं बघत जगायचं हाही एक थकवाच. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जायचं म्हटलं की आपल्याकडे लोक अजून आवाज खाली करतात. निवृत्त शिक्षिकेनं मोठ्या आवाजात गेलं तर गावातल्या चौघांची सोय होईल.

आता आईबद्दल. घागऱ्यो हा शब्द अडला आणि तुमच्या काळजात धस्स झालं. पण तो रात्री सापडला. घरी कोकणी, शाळेत मराठी, अशी दोन भाषांत राहणारी माणसं आपण. उगडास (आठवण) एका भाषेत होतो आणि शब्द दुसरीत अडकून बसतो. माझं तर रोज होतं. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणं वेगळं. तुमच्या आईचं दुसऱ्या प्रकारचं होतं. तिची घसरण हळूहळू, रोज, सगळ्या वेळी झाली, आणि तुमच्या सांगण्याप्रमाणे तिला स्वतःला तिचं काही वाटत नव्हतं. तुम्ही पाच प्रसंग वेळेसकट, शुद्धलेखनाची एक चूक न करता लिहून पाठवलेत.

तरी खोटा दिलासा देत नाही. मधुमेहात पुढे स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात म्हणून. आई-वडिलांत असेल तर थोडी आणखी. शुगर वारंवार फार खाली जाणंही मेंदूला चांगलं नाही. पण २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळानं अशी १४ कारणं मोजली ज्यांवर काही करता येतं, आणि ती सगळी आटोक्यात आली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतो किंवा लांबू शकतो असा अंदाज मांडला. मधुमेह त्यातलं एक. रक्तदाब, ऐकू कमी येणं, खिन्नता, एकटेपणा, व्यायामाचा अभाव ही बाकीच्यांतली. सत्तरीकडे जाताना कान तपासून घ्या. कानात न शिरलेली गोष्ट आठवणार कशी? शुगर स्थिरावून, बी-१२ भरून तीन-चार महिन्यांनंतरही विसर तसाच राहिला किंवा वाढला, तर गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरॉलॉजीला दाखवा. दहा-पंधरा मिनिटांची प्रश्नोत्तरं असतात, आठवणीची आणि लक्ष देण्याची, त्यावरून पुढचं ठरतं. आणि हे सगळ्यांसाठी : माणूस एका दिवसात, तासाभरात एकाएकी बरळू लागला, तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना किंवा तापाबरोबर भ्रम झाला, तर ते धुकं नव्हे. आधी शुगर बघा आणि लगेच १०८.

शेवटी तुमचा खरा प्रश्न, सांगू की नको. तुमचा हिशेब असा की लपवलं तर स्वातंत्र्य राहील. माझा हिशेब उलटा आहे. लपवलेलं एक दिवस रस्त्यावर उघडं पडेल, नातवासकट, आणि त्यानंतर तुमचं कुणी ऐकून घेणार नाही. आज सांगितलंत तर कसं सांगायचं हे तुमच्या हातात आहे. ‘मला वेड लागतंय’ असं सांगायचं नाही, कारण तसं झालेलं नाही. ‘माझी गोळी मला जास्त होतेय, दुपारी शुगर पडते, महिनाभर मला मदत लागेल’ असं सांगायचं. त्यात मागणी ठरलेली आहे, मुदत ठरलेली आहे. आधी सुनेला सांगा. रात्री पाणी ठेवताना तुमच्याकडे जरा थांबून बघते असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं तिला काहीतरी दिसलंय आणि ती विचारायला बिचकतेय. तिला दोन गोष्टी शिकवा, यंत्र कसं चालवायचं आणि साखरपाणी कधी द्यायचं. स्वयंपाकघर सोडू नका, गॅस चालू ठेवून स्वयंपाकघराबाहेर जाताना मोबाइलवर गजर लावा. बालवाडीतून महिनाभर रिक्षा किंवा शेजारीण. नातवाला साडेअकराच्या तपासणीच्या वेळी वहीत आकडा लिहायला द्या, सुट्टीच्या दिवशी तरी. अंक शिकायचं वय आहे आणि शिक्षिका घरातच आहे.

मुलाला मात्र ६.१ चा अभिमान आहे, त्याला समजवायला वेळ लागेल. त्याला हा आकडा सांगून बघा : २०२३ साली आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मधुमेहात गोवा पहिला, २६.४ टक्के प्रौढ. देशाची सरासरी ११.४. म्हणजे गोव्यात चौघांत एक. त्याच्या ऑफिसातसुद्धा कोणीतरी साडेबाराला चिडचिड करत फाइल शोधत असेल.

काही वाचक उलट्या टोकाचे असतील, दुपारच्या जेवणानंतर दोन तास डोकं सुन्न, तहान, रात्री चारदा उठणं. त्यांची शुगर बहुधा वर आहे. २५०-३०० वरही मेंदू मंदच चालतो, आणि रात्रभर उठून झोप गेल्यानं आणखी मंद. त्यांनी माझं हे पत्र वाचून गोळी कमी करू नये. आधी त्या वेळेचा आकडा बघावा. आणि जे फक्त मेटफॉर्मिन घेतात त्यांची शुगर सहसा इतकी पडत नाही, त्यांनी बी-१२ चं तेवढं लक्षात ठेवावं.

चवथीचं राहिलं. नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात काही घालत नाही, असं तुम्ही लिहिलंय. भटजी वाड्यावरची घरं घेत घेत तुमच्याकडे पोचणार दुपारी दोनला, हे मलाही माहीत आहे. आत्ताच, महिनाभर आधी, त्यांना निरोप द्या की यंदा पहिली पूजा आमच्याकडे. नाही म्हणाले, तर दहाला देवघराकडे पाठ करून वाटीभर पेज प्या आणि हात धुऊन माटोळीखाली जा.